रजेचा विडा

“वाचा,” सरकार म्हणाले.

मी कार्ड हातात धरून वाचलं, “कॉन्जी. नाम. तांदळाची पातळ पेज. आजारी माणसास देतात.”

सरकार आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले.

“काय देतात?”

“पेज, सरकार.”

“चिटणीस, आपण दरबारी शिष्टाचाराचा कोश करतो आहोत. पाहुणा दरबारातून निघाला की त्याला काय पेज पाजायची?”

चूक माझीच होती. डिक्शनरीत एकाच स्पेलिंगचे दोन शब्द एकाखाली एक होते आणि मी घाईत पहिला उचलला होता. घाईचं कारण माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. सोलापूरच्या एका कॉलेजचं पत्र. इंग्रजीच्या व्याख्यात्याची जागा, सोमवारी सकाळी अकराला हजर व्हायचं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. आज शुक्रवार होता. सोलापूरची एस.टी. आमच्या गावाहून दिवसातून एकदाच सुटायची, दुपारी साडेचारला.

ही गोष्ट एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीतली. आमचं देवसळ संस्थान विलीन होऊन वीस वर्षं झाली होती. राजवाड्यात मुलींचं वसतिगृह होतं, आणि पूर्वी गोऱ्या एजंटसाहेबासाठी बांधलेल्या बंगल्यात सरकार राहत होते. संस्थान गेलं तरी मी मात्र चिटणीसच होतो. पणजोबांचे वडील चिटणीस, पणजोबा चिटणीस, आजोबा, वडील, आणि आता मी, रघुवीर, वय वर्षं एकोणतीस, एम.ए. कसला चिटणीस म्हणाल तर या कोशाचा. इंग्रजीतले दरबारी रीतिरिवाजाचे शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, असा हा कोश. सहा वर्षांत आम्ही ए आणि बी संपवून सी या अक्षरात शिरलो होतो. झेड येईपर्यंत सरकारांना सव्वाशे वर्षांचं आयुष्य लागलं असतं. पण हे त्यांना सांगणार कोण? म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या कार्डांच्या खोक्यांत अडकलाय अशी माझी पक्की समजूत होती. मी गेलो तर ते अंथरूणच धरतील, असं मला मनापासून वाटायचं. स्वतःबद्दल असं वाटायला बरंही वाटतं म्हणा.

“तो शब्द तसा नाही,” सरकार सांगू लागले. “मूळ फ्रेंच. काँजे. इंग्रजांनी उचलला आणि त्याची कॉन्जी केली. अर्थ, निरोप. पण साधा नव्हे. थोरांसमोरून जाताना घ्यायचा निरोप. आधी परवानगी, मग मुजरा, मग जाणं. या तिन्हींना मिळून हा एकच शब्द. लिहिताय ना?”

“लिहितोय, सरकार.”

“फ्रेंचांनी तो लॅटिनमधून घेतला. तिथं त्याचा अर्थ ये-जा करण्याची मुभा. रोमच्या फौजेतल्या शिपायाला घरी जायला जी रजा मिळायची, ती. म्हणजे बघा, जाण्याची परवानगी, पण शब्दाच्या पोटात येणंही आहे. आपल्याकडे नाही का, माणूस जाताना येतो म्हणतो. रोमचे लोकही आपल्यासारखेच अपशकुनाला भिणारे दिसतात.”

“आणि आता तो शब्द वापरतात का, सरकार?”

“आता कोण वापरतो? जुना झाला. आमच्या वडिलांच्या वेळी मात्र साहेब लोक बदली झाली की कार्डं वाटायचे. कोपऱ्यात तीन अक्षरं, पी.पी.सी. म्हणजे ‘काँजे घेण्यासाठी’. नऊ वर्षं या बंगल्यात राहिलेला एजंट जाताना गाडीतून खाली उतरला नाही. शिपायाच्या हातून कार्ड पाठवलं. वडील म्हणाले, याच्यापेक्षा आमचा मोतद्दार बरा, घोड्याचाही निरोप घेऊन जातो.”

मी धीर गोळा केला. समोर शब्द निरोपाचा, खिशात पत्र. याहून चांगली संधी परमेश्वर तरी काय देणार!

“सरकार, म्हणजे नोकराला जायचं असेल तर त्यानं धन्याकडे काँजे मागायचं, असं ना?”

सरकारांनी मान माझ्याकडे वळवली. पाठ खुर्चीवरून सुटली.

“अगदी असंच. का हो? का विचारलंत?”

“उदाहरणासाठी,” मी म्हणालो.

“हं,” म्हणून सरकार पुन्हा मागे टेकले.

तेवढ्यात सिदराम तबक घेऊन आला. सिदराम हा सरकारांचा जुना खिदमतगार, सत्तरीचा. रोज संध्याकाळी पाचला तो तबकात एक विडा घेऊन यायचा, सरकार तो मला द्यायचे, मी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचा, तोंड त्यांच्याकडेच ठेवून तीन पावलं मागे सरायचं, मुजरा करायचा आणि घरी जायचं. विडा मिळेपर्यंत सरकारांसमोरून कुणी उठायचं नाही, ही देवसळची रीत. मी निघतो, असं आपल्या तोंडानं म्हणणं तर महापाप. तिथे नोकरीच सोडतो असं कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि आमची खरी अडचण अशी की माझ्या आधीच्या चारही पिढ्यांतला प्रत्येक पुरुष नोकरीतच वारला होता. त्यामुळे ती सोडायची कशी हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की सरकार एक दिवस आपण होऊन ओळखतील आणि रजेचा विडा देतील.

मी विडा घेतला. सरकारांनी एक सुस्कारा सोडला. बिचाऱ्यांना माझ्याशिवाय संध्याकाळ खायला उठते, असं मनाशी म्हणत मी घरी आलो.

“विचारलंस?” आईनं दारातच गाठलं.

“विषय काढला होता.”

“काढला होतास म्हणजे? अरे, दोन वर्षांपूर्वी सांगलीचं पत्र आलं, तेव्हाही विषयच काढत बसलास. गेल्या वर्षी नगरचं आलं, तेही गेलं. पुढच्या महिन्यात तिशी गाठशील. त्यानंतर तुला कोण बोलावतंय?”

“पण सरकारांचं काय होईल, आई?”

“सरकारांचं? आणि माझं काय होईल? लोक विचारतात मुलगा काय करतो, तर काय सांगू? सीपर्यंत आलाय म्हणून सांगू? या खेपेला तू गेला नाहीस ना रघू, तर मी जाते. कऱ्हाडला, दादाकडे. मला कुणाच्या विड्याची गरज नाही.”

आई बोलली ते करणारी बाई. त्या रात्री तिनं खरोखरच ट्रंकेत स्वतःची लुगडी भरली.

शनिवारी मी तयारीनं गेलो. तोंडानं बोलता येत नाही ना, मग लिहून बोलायचं ठरवलं. कोशात प्रत्येक शब्दाला एक उदाहरणाचं वाक्य द्यायची आमची पद्धत होती. मी कार्ड वाचून दाखवलं, “काँजे. नाम. थोरांच्या समोरून निघण्याची परवानगी; तदर्थ केलेला मुजरा; निरोप. उदाहरण, सेवकाने स्वामींकडे नम्रपणे काँजे मागितले.”

“वा,” सरकार म्हणाले. “पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“छान वाक्य आहे. मग स्वामी काय म्हणाले?”

“ते… ते वाक्यात नाही, सरकार.”

“मग घाला की. अर्धवट का ठेवताय? लिहा, स्वामींनी ते आनंदाने दिले.”

मी लिहिलं.

“पण चिटणीस,” सरकार पुढे झुकले, “या सेवकानं मागितलं ते कसं? नुसतं बोलून मागितलं? का काही रीत पाळली?”

“रीत म्हणजे, सरकार?”

“अहो, प्रत्येक दरबाराची आपली एक रीत असते. फ्रेंचांची वेगळी, आपली वेगळी. विचार करा जरा.”

मी विचार केला. “नम्रपणे, एवढं लिहिलंय,” मी म्हणालो.

“हो, नम्रपणाला तुमच्या तोड नाही,” सरकार म्हणाले. आता आठवलं की कळतं, त्यांना माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत असणार. “बरं, या शब्दाला चौथाही अर्थ आहे, तो लिहा. हकालपट्टी. धन्यानं आपण होऊन ‘जा’ म्हटलं की तेही काँजेच. बडतर्फी. फार वाईट अर्थ आहे तो. आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला तो दिला नाही. देणारही नाही. समजलं?”

“समजलं, सरकार.”

काही समजलं नव्हतं. उलट मला वाटलं, म्हातारा मला भरवसा देतोय की तुम्हाला कधी काढणार नाही. पाच वाजता तबक आलं.

“चिटणीस,” विडा हातात धरून सरकार म्हणाले, “सहा वर्षं रोज हा विडा खाताय. कंटाळा नाही येत?”

“सरकारांच्या हातचा विडा! कंटाळा कसला?”

मी दोन्ही हात पुढे केले. सिदरामनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते; मला वाटलं, गहिवरला.

रविवारी कोशाला सुट्टी असायची, पण मी बाराच्या सुमारास बंगल्यावर गेलो. आई माझी वळकटी बांधून ओट्यावर बसली होती आणि शेजारी तिची स्वतःची ट्रंक होती. साडेचारला दोन एस.ट्या सुटतात रघू, म्हणाली, एक सोलापूरची आणि एक कऱ्हाडची. कोणत्या गाडीत कोण बसायचं ते तू ठरव.

व्हरांड्यात आक्कासाहेब उभ्या होत्या. सरकारांच्या थोरल्या भगिनी, लग्नानंतर मिरजेला असायच्या, विधवा होऊनही पंधरा वर्षं झालेली. वर्षातून दोनदा भावाकडे यायच्या आणि त्या आल्या की आम्ही सगळे जपून वागायचो. त्यांच्यामागे दोन होल्डॉल आणि पाण्याची सुरई होती. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“आलात? आज रविवारीसुद्धा आलात?”

“सरकारांना जरा भेटायचं होतं.”

“चिटणीस, एक विचारते, राग मानू नका. आणखी किती वर्षं तुम्ही आमच्या भावाच्या मानगुटीवर बसणार आहात?”

मला ऐकू आलेलं खरं वाटेना. “मी? मी मानगुटीवर?”

“मग कोण, मी? त्याचे डोळे गेलेत, दिसत नाही तुम्हाला? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुम्ही समोर बसता ते त्याला धुरकट दिसतं. कार्ड हातात घेऊन वाचलंय त्यानं दोन वर्षांत एक तरी?”

खरंच, दोन वर्षं झाली, सरकार म्हणायचे, वाचा. मला तो दरबारी थाट वाटायचा.

“दोन वर्षं मी त्याला म्हणतेय, मिरजेला चल, ऑपरेशन करून घे, माझ्याकडे राहा. तर याचं एकच, चिटणिसांना वाऱ्यावर सोडून कसा येऊ? बंगला बंद केला तर ते काय करतील? त्यांच्या वडिलांना शब्द दिलाय.”

“कसला शब्द?”

“अहो, तुमचे वडील अंथरुणावर होते तेव्हा हा भेटायला गेला. ते म्हणाले, रघूला इंग्रजीशिवाय काही येत नाही, त्याला सरकारांनी पदरात घ्यावं. आता संस्थान नाही, दफ्तर नाही, पदरात घेऊन देणार काय? मग यानं तो कोश काढला. तुमच्यासाठी! त्याला स्वतःला त्या डिक्शनऱ्यांचा इतका कंटाळा आहे की मी इथं असले की रोज दुपारी म्हणतो, आक्का, चिटणीस यायची वेळ झाली, आता बसावं लागणार.”

मी व्हरांड्याच्या खांबाला धरलं. सहा वर्षं! सांगली गेली, नगर गेलं. ज्याच्यासाठी मी सगळं सोडलं, तो रोज दुपारी मी यायच्या आधी कण्हत होता.

“आक्कासाहेब,” मी म्हणालो, “माझ्या खिशात सोलापूरच्या कॉलेजचं पत्र आहे. हे तिसरं. सरकार रजा देतील म्हणून मी दोन वर्षं वाट बघतोय.”

आता त्यांची पाळी होती. त्या मटकन झोपाळ्यावर बसल्या.

“अरे देवा! मग रोज विडा का घेता?”

“म्हणजे?”

“देवसळच्या दरबारात रोजचा विडा घेतला म्हणजे उद्याची चाकरी कबूल केली. ज्याला कायमचं जायचंय त्यानं घ्यायचा नाही. तोंडानं काही बोलायचं नाही, नुसते हात जोडायचे. मग सरकार उठून उभे राहतात आणि आपल्या हातानं श्रीफळ आणि रजेचा विडा देतात. आमच्या लहानपणी कोठीवाल्या बाबाजींना मी असं जाताना पाहिलंय. वडिलांनी सांगितलं नाही तुम्हाला?”

“त्यांना तरी कुठं ठाऊक असणार? आमच्यात कुणी गेलंच नाही.”

“आणि तो बिचारा रोज विडा पुढे करतो, आज तरी नाही म्हणतील म्हणून!”

“मग सरकारांनी सरळ सांगायचं ना, की चिटणीस, आता जा.”

“शाब्बास! पाच पिढ्यांच्या घराण्याला जा म्हणायचं? बडतर्फ करायचं? जीव देईल पण म्हणणार नाही तो.” त्या उठल्या. “किती वाजले? साडेबारा? सिदराम! तबक घेऊन ये. पाच कसले वाजवतोस, आत्ता आण!”

आत सरकार नुकतेच जेवून बसले होते. मी समोर उभा राहिलो. सिदरामनं तबक पुढे केलं. अवेळी आलेलं तबक पाहून, म्हणजे त्याचा आवाज ऐकून, सरकार गोंधळले. पण रीत ती रीत, त्यांनी विडा उचलून पुढे धरला.

सहा वर्षांची सवय. माझे हात आपोआप निघाले. अर्ध्या वाटेत मी ते आवरले आणि जोडले.

सरकारांचा हात तसाच पुढे. त्यांना दिसलंच नव्हतं.

“घ्या, चिटणीस.”

मी बोलायचं नाही. मी उभा.

“घ्या ना. काय झालं?”

“सरकार,” सिदराम हळूच म्हणाला, “चिटणीससाहेबांनी हात जोडल्यात.”

“काय?”

“इडा घेईनात.”

सरकारांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. शाळा सुटल्याची घंटा ऐकलेल्या पोराचा असतो, तसा तो झाला.

“खरंच? नाही घेतला? आक्का! अगं आक्का! ऐकलंस का, नाही घेतला विडा! सिदराम, श्रीफळ आण, पळ! आणि माझे होल्डॉल बांध!”

मला सोलापूर मिळालं होतं. तिशीच्या आत पोटापाण्याची सोय झाली होती, आई कऱ्हाडला जाणार नव्हती. आनंदानं उडी मारायची सोडून मी तिथं उभा राहून चिडत होतो. अरे, एकदा तरी थांबा म्हणायचं! निदान खोटं खोटं! सहा वर्षं रोज समोर बसलेला माणूस जातोय आणि हे होल्डॉल बांधायला सांगतायत!

सरकार खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. नारळ आणि विडा त्यांनी हवेत चाचपडत माझ्या हातांपर्यंत आणला. शेवटी मीच हात पुढे नेऊन घेतला.

“कुठं जाणार?”

“सोलापूरला, सरकार. कॉलेजात.”

“उत्तम! फार उत्तम! मला काळजी होती हो. इंग्रजीवर पोट भरणार कसं माणसाचं.”

“आणि कोश, सरकार?” माझ्यानं राहवेना. “सी अर्धवट राहिलाय. सरकारांना चुटपुट लागेल.”

“मला?” सरकार चकित झाले. “छे हो. मला काय करायचाय तो कोश? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तो विषयच काढत नव्हतो. तुम्ही इतके रमला होता त्यात.”

“मी नव्हतो रमलो, सरकार.”

“नव्हता?”

“एक दिवससुद्धा नाही.”

आक्कासाहेब दारात उभ्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. सरकार काही वेळ माझ्या दिशेनं, जरा माझ्या डाव्या खांद्याकडे, बघत राहिले. मग म्हणाले, “चिटणीस, गाडी चुकेल.”

मी तीन पावलं मागे सरलो, मुजरा केला. त्यांना तो दिसला नसणार. सिदरामनं सांगितला असेल.

साडेचारला मी सोलापूरच्या गाडीत बसलो. आई फलाटावर उभी राहून हात हलवत होती. संध्याकाळी तिनं ट्रंकेतली लुगडी परत दांडीवर टाकली. सोमवारी अकराला मी कॉलेजात हजर झालो. पुढे तिथं एकतीस वर्षं शिकवलं, दोनदा विभागप्रमुख झालो, आणि रजेचा अर्ज मी कायम शिपायाच्या हातून पाठवत आलो.

एप्रिलमध्ये मिरजेहून आक्कासाहेबांचं कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी वाकड्या.

“चि. रघुवीर यांस आशीर्वाद. भाऊचं ऑपरेशन झालं. एक डोळा वाचला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकून आत इजा झाली होती, तो गेला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. भाऊनं बजावलं आहे की हे तुम्हाला अजिबात कळवू नये. कळलं तर चिटणीस धावत परत येतील, म्हणतो, आणि या खेपेला त्यांना घालवायचं कसं? पण कुणीतरी खरं सांगायला हवं, म्हणून लिहिते. तुम्ही येऊ नका. तो बरा आहे. रोज एका डोळ्यानं वर्तमानपत्र वाचतो आणि तुमच्या कॉलेजचं नाव कुठं आलंय का ते शोधतो.”

मी गेलो नाही. येऊ नका म्हटलं होतं, आणि तोवर मी हुकूम मोडायला शिकलो नव्हतो.